प्रोटॉन बीमचं सिम्युलेशन मोजमापाशी जुळत नाहीये, मग अख्खा ॲक्सिलरेटर सिम्युलेट करायचा का?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहिते, कुठे चुकलं असेल तर सांगा. तुम्ही जिआंट-४ या कणांच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचा ठोकळा ठेवला, त्याच्या अगदी तोंडाशी एका बिंदूतून १५० एमईव्हीचे (मिलियन इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं एकक) दहा लाख प्रोटॉन सोडले, ब्रॅग पीक, म्हणजे प्रोटॉन थांबतात तिथला डोसचा उंचवटा, आला, पण गाइडनी दिलेल्या मोजलेल्या कर्व्हवर ठेवून बघितला तर तुमचा पीक ३ मिमी खोल जातोय आणि खूप टोकदारही आहे. शिवाय मोजलेल्या स्पॉटचा, म्हणजे बीमच्या ठिपक्याचा, आयसोसेंटरला (मशीनच्या मध्यबिंदूला, जिथे ट्यूमर ठेवतात) सिग्मा, म्हणजे पसरटपणा, ४ मिमी आहे आणि तुमचा स्पॉट सुईसारखा. आता ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलंय की खरं उत्तर हवं असेल तर आयन सोर्सपासून पेशंटपर्यंत सगळं एकाच सिम्युलेशनमध्ये घ्या, म्हणून तुम्ही विचारताय की त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि हे लॅपटॉपवर होईल का.

मी बरीच वर्षं हेच काम करते, म्हणजे प्रोटॉन मशीनचं बीम मॉडेल बनवणं, ते मोजमापाशी जुळवणं आणि मग त्याच्यावर पेशंटचे प्लॅन तपासणं. त्यावरून सांगते, तुमची अडचण सॉफ्टवेअरने सुटणार नाही. तुमच्या सिम्युलेशनमध्ये बीम ज्या जागी जन्म घेतो त्या जागी त्याच्याबद्दल पाच-सहा गोष्टी माहीत असायला हव्यात, आणि तुम्ही त्यातली एकच दिलीये, एनर्जी, आणि तीही बहुतेक चुकीच्या जागी. बाकी सगळ्या शून्य धरल्यात. बिंदूतून निघणारा, अजिबात न फाकणारा, एकाच एनर्जीचा बीम कुठलंच मशीन देत नाही.

काही गोष्टी तुमच्या मशीनवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सायक्लोट्रॉन आहे की सिंक्रोट्रॉन (ॲक्सिलरेटरचे दोन प्रकार), नोझलमध्ये, म्हणजे बीम पेशंटकडे बाहेर पडतो त्या शेवटच्या भागात, काय काय आहे, कर्व्ह कुठल्या चेंबरने (डोस मोजायच्या उपकरणाने) मोजला, टँकच्या भिंतीतून मोजला की वरून. म्हणून खाली मी आकडे देईन ते भौतिकशास्त्रातले किंवा सर्वसाधारण मशीनचे आहेत, तुमच्या मशीनचा नेमका आकडा तुम्हालाच शोधावा लागेल.

आधी अख्ख्या ॲक्सिलरेटरचं बघू. या क्षेत्रात दोन वेगळ्या प्रकारचे कोड आहेत. एक बीम ऑप्टिक्सवाले, मॅड-एक्स सारखे, ज्यात प्रोटॉन निर्वात नळीतून जातो आणि डायपोल, क्वाड्रुपोल हे मॅग्नेट त्याला वळवतात, फोकस करतात, आणि कोड तुम्हाला बीटा फंक्शन, डिस्पर्शन, एमिटन्स वगैरे बीमच्या आकाराचे आणि पसरण्याचे आकडे देतो. दुसरे माँटे कार्लोवाले, जिआंट-४, फ्लुका, किंवा जिआंट-४ वरच उभे असलेले टोपास आणि गेट, ज्यात प्रोटॉन पदार्थातून जातो, एनर्जी गमावतो, विखुरतो, न्यूक्लियसवर आदळतो. पहिल्या प्रकाराला पदार्थ फारसा कळत नाही आणि दुसऱ्याला शंभर मीटरच्या मॅग्नेटच्या रांगेतून अचूक नेणं जड जातं. बीडीसिम सारखा कोड दोन्ही एकत्र करतो, तो चांगला आहे, पण त्याला मॅग्नेटची खरी लांबी, खरी ताकद, प्रत्येक कॉलिमेटरचं माप लागतं, आणि ते कंपनी सहसा देत नाही.

आणि मुळात तुम्हाला त्याची गरजही नाहीये, याचं कारण मला फार सुंदर वाटतं. थेरपीचा सायक्लोट्रॉन एकाच एनर्जीचा बीम देतो, २३० किंवा २५० एमईव्ही. कमी एनर्जी हवी असेल तर बीमच्या वाटेत ग्रॅफाइटचा किंवा बेरिलियमचा डिग्रेडर सरकवतात, त्यात प्रोटॉन मंद होतात पण चांगलेच विखुरतात आणि त्यांच्या एनर्जीही पसरतात. मग कॉलिमेटर त्यातला थोडा भाग ठेवतात, बाकी कापतात, आणि पुढे मॅग्नेट आणि स्लिट मिळून ठरावीक एनर्जीचेच प्रोटॉन पुढे सोडतात. ७० एमईव्हीपर्यंत खाली यायचं तर निघालेल्यातले एक टक्क्याहूनही कमी प्रोटॉन पुढे पोचतात. आता विचार करा, जो बीम असा विखरून, कापून, निवडून पुढे आला त्याला सायक्लोट्रॉनच्या आत काय झालं होतं ते आठवणार कसं? पेशंटकडे जाणाऱ्या बीमचा आकार आणि एनर्जी स्प्रेड मुख्यतः त्या कॉलिमेटर आणि स्लिटनी ठरवलेला असतो. म्हणजे निसर्गानेच सिम्युलेशन दोन तुकड्यात करायची जागा दाखवून दिलीये, आणि आपण त्याच्या पुढे, नोझलच्या तोंडाशी, बीमची व्याख्या करायची.

सिंक्रोट्रॉनचं थोडं वेगळं आहे, तिथे डिग्रेडर नसतो, प्रत्येक स्पिलला, म्हणजे बीम बाहेर सोडायच्या प्रत्येक खेपेला, हवी तीच एनर्जी बाहेर येते, एनर्जी स्प्रेड खूपच कमी असतो, आणि स्लो एक्स्ट्रॅक्शनमुळे, म्हणजे बीम हळूहळू बाहेर काढल्यामुळे, आडव्या दिशेत बीमचं वितरण गॉसियन नसतं, उभ्या दिशेत असतं. म्हणून एक्स आणि वाय वेगळे धरावेच लागतात. पण तिथेही नोझलच्या तोंडापासून सुरुवात करणं हेच बरोबर.

स्पेस चार्जचं पण विचारलंय तुम्ही, म्हणजे प्रोटॉन एकमेकांना ढकलतात ते. पेशंटला जाणारा बीम साधारण नॅनोॲम्पिअरचा असतो, एक नॅनोॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२ अब्ज प्रोटॉन, ऐकायला खूप वाटतं पण या एनर्जीला त्यांचा एकमेकांवर परिणाम नगण्य असतो. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये ५९० एमईव्हीचा सायक्लोट्रॉन दोन मिलिॲम्पिअरच्या वर करंट देतो, दहा लाख पट जास्त, तिथे स्पेस चार्ज मोजावाच लागतो आणि ओपल हा कोड तिथेच तयार झाला. तुम्ही सोडून द्या.

आता तुमचे ३ मिमी.

पाण्यातली रेंज, म्हणजे प्रोटॉन किती खोल जातो ते, साधारण ०.००२२ गुणिले एनर्जीचा १.७७ वा घात, एनर्जी एमईव्हीमध्ये आणि रेंज सेंटिमीटरमध्ये. १५० ला हे सुमारे १५.६ येतं, टेबलात १५.८ च्या आसपास आहे. या सूत्राचा खरा उपयोग असा की एनर्जी एक टक्का बदलली तर रेंज १.७७ टक्के बदलते, म्हणजे १५० एमईव्हीला एक एमईव्ही म्हणजे जवळजवळ १.९ मिमी. तुमचे ३ मिमी म्हणजे दीड एमईव्हीच्या थोडं वर. म्हणून बहुतेक जण काय करतात, १५० च्या जागी १४८.४ टाकतात, पीक जुळतो, आणि पुढे जातात. कृपया हे एवढ्यात करू नका.

कारण मशीनवर लिहिलेले १५० एमईव्ही कुठले आहेत हा प्रश्न आहे. काही मशीनमध्ये तो आकडा निर्वात नळीतल्या बीमचा असतो, काहीत आयसोसेंटरला मोजलेल्या रेंजवरून उलटा काढलेला असतो. पहिलं असेल तर पाण्यापर्यंत पोचायच्या आधी बीमला व्हॅक्यूम विंडो, नोझलमधले आयन चेंबर आणि मग हवा ओलांडावी लागते. एक मीटर हवा म्हणजे पाण्याचा साधारण १.१ मिमी. चेंबर आणि विंडो मिळून आणखी एक-दोन मिमी सहज होतात. झाले ३ मिमी! तुमच्या सिम्युलेशनमध्ये बीम पाण्याच्या तोंडाशी जन्मतो म्हणून त्याला हे काहीच ओलांडावं लागलेलं नाही. त्यात मोजमाप टँकच्या भिंतीतून आडवं केलेलं असेल आणि भिंतीची जाडी वजा-मिळवणीत राहिली असेल तर आणखी मोठा फरक येतो, एक सेंमी ॲक्रिलिक म्हणजे पाण्याचे जवळपास ११.६ मिमी. चेंबरच्या पुढच्या खिडकीची जाडीसुद्धा पाण्यात बदलून धरायची असते.

मग कारण कुठलं ते ओळखायचं कसं? एका एनर्जीवरून ओळखताच येत नाही. गाइडकडून किमान तीन एनर्जींचे कर्व्ह मागा, ७०, १५० आणि २२० च्या आसपासचे. फरक तिन्हीकडे साधारण तेवढेच मिलिमीटर असेल तर वाटेतला काहीतरी पदार्थ तुम्ही धरलेला नाही. फरक रेंजच्या प्रमाणात वाढत असेल तर पाण्याची आय-व्हॅल्यू किंवा एनर्जीचं कॅलिब्रेशन बघा. मी सुरुवातीला एका मॉडेलवर काम करताना आधीच्या माणसाने १५० ला फरक बघून सगळ्या एनर्जींची रेंज २ टक्क्यांनी कमी करून ठेवलेली होती. १५० ला अगदी सुरेख जुळत होतं. पण खरं कारण ३ मिमी न धरलेला पदार्थ हे होतं, त्यामुळे ७० ला जिथे रेंज ४ सेंमीच आहे तिथे जेमतेम ०.८ मिमी दुरुस्ती झाली आणि २२० ला, ३० सेंमीला, ६ मिमी. म्हणजे एक बाजू दोन मिमी खोल आणि दुसरी तीन मिमी उथळ. पेशंटवर जायच्या आधी पकडलं, पण त्या दिवसापासून मी एका एनर्जीवर जुळलेल्या मॉडेलवर विश्वास ठेवत नाही.

आय-व्हॅल्यूचं पण सांगते कारण तुम्ही टेबलाशीही तुलना केलीये. ही पाण्याची सरासरी आयनीकरण ऊर्जा, बेथेच्या सूत्रात लॉगच्या आत बसते. जुन्या टेबलांमध्ये ७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, आता ७८ शिफारस आहे आणि जिआंट-४ चं तयार पाणी ७८ च वापरतं. चार टक्के बदल पण लॉगमुळे रेंजमध्ये साधारण अर्धाच टक्का, म्हणजे १५० एमईव्हीला पाऊण मिमी. हा तेवढा फरक टेबलाशी येणारच, तो तुमची चूक नाही. मात्र पाणी स्वतः हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिसळून बनवलं असेल तर कोड कुठली आय-व्हॅल्यू धरतोय ते छापून बघा, तिथे बऱ्याच जणांची फसगत होते. तयार मटेरियल वापरा.

रेंज मोजताना पीकची जागा बघू नका. पीकच्या पलीकडच्या उतारावर डोस ८० टक्क्यांवर येतो ती खोली घ्या. एनर्जी स्प्रेड कमी-जास्त केला तर पीक सरकतो, ९० टक्क्यांची जागा सरकते, पण ८० टक्क्यांची जवळजवळ जागची हलत नाही, ती सरासरी एनर्जीशी बांधलेली असते. यामुळे दोन गाठी वेगवेगळ्या सोडवता येतात, आधी ८० टक्क्यांच्या खोलीवरून सरासरी एनर्जी, मग पीकच्या रुंदीवरून स्प्रेड.

स्प्रेडचं गणित असं. सगळे प्रोटॉन अगदी एकाच एनर्जीचे असले तरी पाण्यात त्यांना वेगवेगळे धक्के बसतात, त्यामुळे सगळे एका जागी थांबत नाहीत. याला रेंज स्ट्रॅगलिंग म्हणतात, रेंजच्या साधारण १.१ टक्के, म्हणजे तुमच्यासाठी १.७ मिमी. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये प्रोटॉन उपचारासाठी वापरायची कल्पना मांडली त्या लेखातसुद्धा स्ट्रॅगलिंगचा विचार आहे. तुमच्या सिम्युलेशनमध्ये ते आपोआप आलंय. नाहीये तो मशीनचा स्प्रेड. समजा तो ०.५ टक्के आहे, तर रेंजमध्ये ०.९ टक्के, म्हणजे १.४ मिमी, आणि हे दोन्ही वर्गांच्या बेरजेने जोडायचे, २.२ मिमी येतात. १ टक्का असेल तर ३.३ मिमी. म्हणजे तुमचा पीक टोकदार का दिसतो ते कळलं असेल. स्प्रेड बदलत बदलत मोजलेल्या कर्व्हच्या पीकच्या रुंदीशी आणि पीक ते प्रवेश या गुणोत्तराशी जुळवा, सायक्लोट्रॉन असेल तर उत्तर बहुधा अर्धा ते एक टक्क्याच्या आत-बाहेर येईल आणि एनर्जीप्रमाणे बदलेल.

एक मात्र, तुलना सारख्याशी सारख्याची करा. इंटिग्रल डेप्थ डोस (प्रत्येक खोलीवरचा आडव्या पातळीतला एकूण डोस) मोजायला जो मोठा गोल चेंबर वापरतात त्याचा व्यास सुमारे ८ सेंमी असतो. तुम्ही सिम्युलेशनमध्ये पूर्ण आडव्या पातळीतला डोस जोडला असेल तर तुम्ही चेंबरपेक्षा जास्त गोळा करताय. कारण प्रोटॉन पाण्यात दर सेंटिमीटरला साधारण एक टक्का या वेगाने न्यूक्लियसवर आदळून हरवतात आणि त्यातून निघणारे दुय्यम प्रोटॉन लांबवर पसरतात. त्यामुळे तुम्हीही तेवढ्याच त्रिज्येच्या दंडगोलात डोस जोडा आणि मग बघा.

आता स्पॉट. हा भाग लोक सर्वात घाईत उरकतात आणि इथेच सर्वात जास्त अडकतात, मी पण अडकले होते. आयसोसेंटरला सिग्मा ४ मिमी मोजलाय, म्हणून सोर्सला ४ मिमी गॉसियन दिला, बीम समांतर ठेवला, आयसोसेंटरला जुळलं. पण क्वाड्रुपोल बीमला फोकस करत आणतात, तो आयसोसेंटरला येताना आकसत असू शकतो, आणि कित्येकदा एका दिशेत आकसत असतो आणि दुसऱ्या दिशेत फाकत असतो. माझ्या मॉडेलमध्ये आयसोसेंटरला सगळं छान होतं आणि २० सेंमी आधी, जिथे रेंज शिफ्टर (रेंज कमी करायला मध्ये ठेवतात तो जाड तुकडा) बसवला की बीमचा आकार महत्त्वाचा ठरतो, तिथे स्पॉट चुकीचा होता. उथळ ट्यूमरच्या प्लॅनमध्ये कडेचा डोस जुळेना म्हणून आठवडे गेले, मी डोसच्या भागात शोधत होते आणि चूक त्याच्या आधीच होती.

म्हणून हवेत पाच जागी स्पॉट मोजा, म्हणजे आयसोसेंटर, त्याच्या आधी १० आणि २० सेंमी, नंतर १० आणि २० सेंमी, एक्स आणि वाय वेगवेगळे. सिग्माचा वर्ग अंतराच्या वर्गसमीकरणाने बदलतो आणि त्यात तीनच अज्ञात असतात. बीमचा आकार, फाकण्याचा कोन, आणि या दोघांमधलं नातं म्हणजे बाहेरच्या बाजूचा प्रोटॉन बाहेरच चाललाय की आत वळतोय. पाच बिंदूंतून तीन अज्ञात काढायचे, साधं फिटिंग आहे, स्प्रेडशीटमध्येही होतं. हेच ऑप्टिक्सवाल्यांच्या भाषेत एमिटन्स आणि ट्विस पॅरामीटर. म्हणजे तुम्हाला अख्ख्या बीमलाइनकडून जे हवं होतं ते या पाच मोजमापांतून मिळालं.

फक्त एक काळजी घ्या, हवासुद्धा विखुरते. १५० एमईव्हीला एक मीटर हवेतून गेल्यावर साधारण २ मिलिरेडियनचा कोन आणि सव्वा मिमीच्या आसपास आकार वाढतो, ७० ला हे दुप्पट. म्हणून मोजमापातून फिट केलेले आकडे तसेच नोझलच्या तोंडाशी टाकले आणि पुढे हवाही सिम्युलेट केली तर हवेचं विखुरणं दोनदा धरलं जातं. दोन मार्ग आहेत. एकतर आकडे बदलत बदलत हवेसकट सिम्युलेशन चालवा आणि पाचही जागी जुळेपर्यंत सुधारा, किंवा निर्वातात मागे नेऊन पुढे हवा न ठेवता चालवा. मी पहिला मार्ग घेते, वेळ जास्त जातो पण रेंज शिफ्टर घातल्यावर तोच टिकतो. खोलात मात्र सोर्सची चूक थोडी झाकली जाते, कारण पाण्यातच रेंजच्या शेवटाला सिग्मा रेंजच्या साधारण २ टक्के होतो, म्हणजे तुमच्यासाठी ३ मिमीच्या वर. म्हणून स्पॉट कधीही पाण्यात खोलवर जुळवू नका, हवेतच जुळवा.

इथवर आलात की एनर्जी, स्प्रेड, आणि दोन दिशांचे तीन-तीन आकडे तुमच्या हातात आहेत, आणि हे सगळं नोझलच्या एका ठरलेल्या पातळीवर. उरली प्रोटॉनची संख्या. सिम्युलेशन तुम्हाला प्रत्येक प्रोटॉनमागे किती ग्रे (डोसचं एकक) ते देतं, मशीन मॉनिटर युनिट (नोझलमधल्या चेंबरच्या मोजणीचं एकक) मोजतं, आणि त्यांच्यामधला पूल मोजमापाने बांधायचा. एका एनर्जीचा १० बाय १० सेंमी फील्ड, २ सेंमी खोलीला आयन चेंबरने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ पद्धतीने डोस मोजतात, तोच फील्ड सिम्युलेट करतात, आणि दोन्हीच्या गुणोत्तरातून एका मॉनिटर युनिटमागे किती प्रोटॉन ते येतं. अंदाज यावा म्हणून, १५० एमईव्हीला दर चौरस सेंटिमीटरला एक अब्ज प्रोटॉन म्हणजे प्रवेशाशी साधारण ०.९ ग्रे. तुमचं उत्तर याच्या दहा पट इकडे-तिकडे आलं तर कुठेतरी एककांची चूक आहे.

हे कॅलिब्रेशन एकट्या स्पॉटवर न करता फील्डवर का करायचं? कारण स्पॉटला एक हॅलो असतो. मधला गॉसियन बघितला तर तो दोन-तीन सेंटिमीटरवर संपलेला दिसतो, पण न्यूक्लियर टक्करीतून आलेले आणि नोझलमध्ये मोठ्या कोनात विखुरलेले प्रोटॉन अगदी मंद पण रुंद शेपूट तयार करतात. एका स्पॉटमध्ये ते दिसतही नाही, हजार स्पॉट जवळजवळ ठेवले की सगळ्यांच्या शेपट्या एकमेकांवर पडतात आणि फील्डच्या मध्यावरचा डोस काही टक्क्यांनी बदलतो. लहान फील्ड आणि मोठा फील्ड यांचं गुणोत्तर मोजमापाशी जुळत नसेल तर समजायचं की हॅलो नीट आलेला नाही. सायक्लोट्रॉन असो वा सिंक्रोट्रॉन, नोझलची खरी भूमिती थोडी तरी हवी ती यासाठीच.

सिम्युलेशनच्या तांत्रिक सेटिंगबद्दल फार लिहीत नाही. फिजिक्स लिस्ट, म्हणजे कुठल्या भौतिक प्रक्रिया कशा धरायच्या त्याची तयार यादी, क्यूजीएसपी-बिक-एचपी आणि ईएम ऑप्शन-४ घ्या, प्रोटॉन थेरपीला तेच चालतं. कट (किती लहान दुय्यम कणांपर्यंत धरायचं ती मर्यादा) आणि कमाल स्टेप निम्मी करून पुन्हा चालवा, उत्तर बदललं नाही तर ठीक, बदललं तर अजून निम्मी करा. आणि रँडम सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा! मी एकदा वीस कोअरवर वीस जॉब लावले आणि सगळ्यांना तोच सीड गेला. सरासरी काढली तरी नॉइज तसूभर कमी होईना, कारण मी एकच उत्तर वीस वेळा मोजत होते. वेगवेगळे सीड असले की नॉइज प्रोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे निम्मा करायला चौपट प्रोटॉन. हे लक्षात ठेवलं तर किती चालवायचं ते आधीच ठरवता येतं.

मग अख्खी बीमलाइन कधी लागते? प्रश्नच बीमलाइनबद्दल असेल तेव्हा. डिग्रेडरमधून किती बीम पार होतो, कॉलिमेटरवर हरवलेल्या प्रोटॉनमुळे किती न्यूट्रॉन निघतात आणि भिंत किती जाड हवी, किंवा नवी गँट्री (पेशंटभोवती बीम फिरवणारा सांगाडा) डिझाइन करायची असेल. गँट्रीचं उदाहरण बघा, २३० एमईव्हीच्या प्रोटॉनची मॅग्नेटिक रिजिडिटी, म्हणजे मॅग्नेटने वळवायला तो किती अवघड ते, २.३ टेस्ला-मीटर आहे तर ४३० एमईव्ही प्रति न्यूक्लिऑन कार्बनची ६.६, म्हणूनच हायडेलबर्गच्या कार्बन गँट्रीचा फिरता भागच सुमारे ६०० टनांचा आहे. अशा वेळी मॅग्नेटचा प्रत्येक तपशील सिम्युलेट करणं सार्थकी लागतं. किंवा फ्लॅश ही अतिशय वेगाने डोस द्यायची पद्धत, जिथे सेकंदाला ४० ग्रे पेक्षा जास्त दर हवा असतो आणि कमी एनर्जीला तेवढे प्रोटॉन पोचतच नाहीत, तिथेही बीमलाइनचं पारगमन हाच मुख्य प्रश्न होतो. तुमच्या प्रोजेक्टचा प्रश्न पाण्यातला डोस आहे, त्याला हे लागत नाही. आणि घेतलंत तर तोटाही आहे, वीस अनोळखी आकडे आत शिरतात, कुठलाही थोडा हलवला की शेवटचा कर्व्ह जुळतो, आणि जुळला म्हणजे बरोबर आहे असं वाटायला लागतं.

तपासणी कशी करायची ते महत्त्वाचं, कारण परीक्षकही हेच विचारतील आणि विचारायलाच हवं. ज्या डेटावर मॉडेल जुळवलं त्यावरच ते तपासू नका. ७०, १०० अशा काही एनर्जींवर जुळवा, आकडे एनर्जीनुसार गुळगुळीत बदलतायत का बघा, एखादा मध्येच उडी मारत असेल तर तिथे मोजमाप किंवा फिट चुकलाय. मग मधल्या न वापरलेल्या एनर्जीला आकडे अंदाजून तिचा कर्व्ह आधी सिम्युलेट करा आणि नंतर मोजलेला उघडा. रेंज १ मिमीच्या आत आणि स्पॉट १० टक्क्यांच्या आत आला तर मला समाधान वाटतं, चांगल्या डेटावर याहून बरंच चांगलं येतं. त्यानंतर बऱ्याच एनर्जी मिसळून बनवलेला १० सेंमीचा घन, ज्यात सपाट डोस यायला हवा. त्यात एनर्जींमधल्या प्रोटॉनच्या संख्येची चूक लगेच लाटांसारखी दिसते. ३ टक्के आणि २ मिमीचा गॅमा टेस्ट (डोस आणि अंतरातला फरक मर्यादेत आहे का ते प्रत्येक बिंदूला बघणारी चाचणी) लावा, पण नापास झालेले बिंदू कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा, कडेला एका रांगेत असतील तर टक्केवारी चांगली असूनही काहीतरी पद्धतशीर चुकतंय.

हे सगळं मिमीच्या दशांशात करताना पुढची पायरीही माहीत असू दे. पेशंट म्हणजे नुसतं पाणी नसतं, सीटी स्कॅनमधून स्टॉपिंग पॉवर (पदार्थ प्रोटॉनला किती मंद करतो ते) काढावी लागते, आणि त्या अनिश्चिततेपोटी प्लॅन करताना साधारण रेंजच्या ३.५ टक्के आणि वर एक ते तीन मिमी इतकी जागा ठेवतात. १५.८ सेंमीला ते साडेपाच मिमी आणि वर. म्हणून कुणी म्हणेल की तुमचे ३ मिमी त्यात बसतात. मला हे अजिबात मान्य नाही. ती जागा आपल्याला जे कळू शकत नाही त्यासाठी आहे, जे मोजून कळतं त्यासाठी नाही, आणि ट्यूमरच्या पलीकडे ब्रेनस्टेम असेल तर पहिले ३ मिमीच आपल्याला हवे असतात.

लॅपटॉप पुरेल. पाण्यातला एक एनर्जी कर्व्ह दहा लाख प्रोटॉनला एका दिवसाच्या आत नक्की होतो, बहुधा खूप लवकर. हॅलो आणि १० बाय १० च्या फील्डला मात्र जास्त लागतील, तेव्हा विभागाचा सर्व्हर मागा आणि सीड वेगवेगळे द्या. नवीन असाल तर थेट जिआंट-४ मध्ये सी-प्लस-प्लस लिहिण्याऐवजी टोपास किंवा गेट घ्या, भौतिकशास्त्र तेच आहे आणि तुमचा वेळ बीमवर जाईल.

पुढचं लिहिताना एवढं सांगा, मशीनवरचे १५० एमईव्ही कुठल्या जागेचे आहेत, कर्व्ह कुठल्या चेंबरने आणि कुठून मोजला, आणि आयसोसेंटरशिवाय इतर अंतरांवर स्पॉट मोजलाय का. सोर्स आत्ताच पाण्यापासून मागे नेऊन मध्ये हवा आणि २ मिमी पाण्याइतका पदार्थ ठेवून एकदा चालवून बघा, किती मिमी उरतात ते इथे टाका, मग आपण स्प्रेडकडे जाऊ.